ऐतिहासिक शहरमध्यातील बुटीक स्पा हॉटेल: मुक्कामाआधी काय पाहावे? सोलापूरचे उदाहरण

जुन्या शहराच्या मध्यभागी, एखाद्या जुन्या वास्तूत थाटलेले, मोजक्या खोल्यांचे आणि मालिश, बाष्पस्नान अशा सोयी देणारे हॉटेल म्हणजे ‘बुटीक स्पा हॉटेल’, असे ढोबळमानाने म्हणता येते. अशा हॉटेलात पाहुणा तीन गोष्टींचे पैसे मोजतो: जुनी वास्तू, भरपूर पाणी आणि दाराबाहेरचे शहर. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचे एकमेकींशी फारसे पटत नाही. जुन्या भिंतींना ओल चालत नाही आणि स्पा तर पाण्यावरच चालतो.

अशा हॉटेलांसाठी सोलापूर प्रसिद्ध नाही. तरीही हा प्रकार समजून घ्यायला हे शहर उपयोगी पडते. शहराच्या मधोमध भुईकोट किल्ला आणि तलाव आहे, पाण्याची टंचाई नित्याची आहे, आणि स्पामध्ये पदोपदी लागणारा टेरी टॉवेल हे याच शहराचे नामांकित उत्पादन आहे.

शब्दांचा अर्थ

‘बुटीक’ हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान, निवडक मालाचे दुकान. हॉटेलांच्या संदर्भात तो १९८०च्या दशकात रूढ झाला. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मॉर्गन्स’ हे हॉटेल सुरू झाले. मोठी साखळी हॉटेले डिपार्टमेंटल स्टोअरसारखी असतील तर आपले हॉटेल बुटीकसारखे आहे, अशी तुलना त्याच्या चालकांनी केली आणि हा शब्द जगभर पसरला. भारतात हॉटेलांचे सरकारी वर्गीकरण होते, पण त्यात ‘बुटीक’ नावाची सर्वमान्य श्रेणी नाही. त्यामुळे कोणतेही लहान हॉटेल स्वतःला बुटीक म्हणवून घेऊ शकते. पाटीवरच्या या एका शब्दावरून सोयींची खात्री मिळत नाही.

‘हेरिटेज हॉटेल’ या शब्दाला मात्र निश्चित निकष आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणानुसार १९५० पूर्वी बांधलेले राजवाडे, किल्ले, हवेल्या, शिकारखाने किंवा निवासस्थाने या गटात येतात. १९३५ ते १९५० या काळातल्या वास्तूला ‘हेरिटेज’, १९२० ते १९३५ मधल्या वास्तूला ‘हेरिटेज क्लासिक’ आणि १९२० पूर्वीच्या वास्तूला ‘हेरिटेज ग्रँड’ श्रेणी मिळू शकते. हे वर्गीकरण ऐच्छिक असते. म्हणजे एखाद्या अस्सल जुन्या वाड्यातल्या हॉटेलाकडे ते नसेलही. मात्र हॉटेल स्वतःला या श्रेणीचे म्हणवत असेल, तर प्रमाणपत्र आहे का, असे विचारायला हरकत नसते.

‘स्पा’ हे नाव बेल्जियममधल्या स्पा या गावावरून आले. तिथल्या खनिजयुक्त झऱ्यांमुळे ते गाव प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रालाही ही कल्पना नवी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक पिढ्यान् पिढ्या स्नान करत आले आहेत. तेल, उटणे आणि बंबातले कढत पाणी हा घराघरातल्या दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा नेहमीचा भाग आहे. आजच्या शहरी स्पामध्ये मात्र नैसर्गिक झरा नसतो. नळाचे, विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी तापवूनच तो चालवला जातो.

महाराष्ट्र आणि गोव्यातील नमुने

जुन्या वास्तूत मुक्काम करण्याची पद्धत मराठी मुलखात हळूहळू रुजत आहे. सावंतवाडीत मोती तलावासमोरच्या भोसले घराण्याच्या राजवाड्याचा काही भाग आता बुटीक हॉटेल म्हणून चालवला जातो. तिथल्या सजावटीत सावंतवाडीची गंजिफा कला वापरली आहे. राजवाडा बाजारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीच्या फोंतेन्हास भागात पोर्तुगीज काळातल्या काही घरांची लहान हॉटेले झाली असून गल्लीबोळ, रंगीत भिंती आणि शेजारची नांदती घरे हे त्या मुक्कामाचे मुख्य आकर्षण आहे.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. वास्तू आणि तिच्या भोवतीची वस्ती टिकली म्हणून हॉटेल उभे राहू शकले. खोलीतले फर्निचर कुठूनही आणता येते, पण शेजार आणता येत नाही.

सोलापूरचा शहरमध्य

सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर, पुण्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाल्याने दोन-तीन दिवसांची सहल सोपी झाली. तरीही येथे उतरणारा प्रवासी बहुधा पुढे जाणारा असतो. अक्कलकोट सुमारे ४०, तुळजापूर सुमारे ४५ आणि पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. लॉज, भक्तनिवास आणि व्यापाऱ्यांसाठीची हॉटेले ही इथली ओळखीची मुक्कामव्यवस्था आहे. आंघोळ, झोप आणि पहाटे प्रस्थान, असा तिचा क्रम असतो. शहरासाठी म्हणून थांबणारा पाहुणा हा तुलनेने नवा प्रकार आहे.

अशा पाहुण्याला शहराच्या जुन्या भागात पाहण्यासारखे बरेच आहे.

भुईकोट किल्ला: दुहेरी तटबंदी आणि खंदक असलेला हा किल्ला बहमनी काळातला मानला जातो. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. आज तो केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव: बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे हे स्थान किल्ल्याला लागूनच असून मंदिराभोवती तलावाचे पाणी आहे. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास येथे गड्डा यात्रा भरते आणि नंदीध्वजांची मिरवणूक निघते.

इंद्रभुवन: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारद यांनी हा देखणा प्रासाद बांधला. पुढे तो नगरपालिकेकडे आला आणि महानगरपालिकेचे मुख्यालय म्हणून ओळखला जाऊ लागला. जुनी वास्तू वापरात राहिली की टिकते, याचे हे जवळचे उदाहरण.

चार हुतात्म्यांचे पुतळे: १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. शहराच्या मध्यवर्ती चौकात त्यांचे पुतळे आहेत.

डॉ. कोटणीस स्मारक: चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना प्राण वेचणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. त्यांचे जन्मघर आता स्मारक म्हणून जतन केले आहे.

याशिवाय मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडणारा बाजार, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हाही या मुक्कामाचा भाग ठरतो. जेवणासह सगळे काही हॉटेलातच देणारे पॅकेज घेतले, तर हा भाग हातचा जातो.

किल्ल्याजवळ नवे हॉटेल का उभारता येत नाही?

केंद्र संरक्षित स्मारकांच्या भोवती बांधकामावर कायद्याने मर्यादा आहेत. २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असते आणि तिथे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असून तिथे परवानगी घेऊनच बांधता येते. आधीच्या इमारतींची दुरुस्तीही परवानगीनेच होते.

म्हणून ऐतिहासिक केंद्राच्या अगदी जवळ राहायचे तर बहुधा एकच मार्ग उरतो: असलेल्या जुन्या घराचा किंवा वाड्याचा नवा वापर. अशा हॉटेलात खोल्यांची मापे वेगवेगळी, जिने चढे आणि दरवाजे ठेंगणे असू शकतात. लिफ्ट नसण्याचीही शक्यता असते. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर तळमजल्यावरची खोली आहे का आणि गाडी दारापर्यंत येते का, हे आधी विचारावे.

जुनी भिंत आणि बाष्पस्नान

सोलापूर परिसरातली जुनी घरे दगड, पांढरी माती, चुना आणि लाकूड यांची असतात. अनेकांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर देऊन केलेले सपाट छत असते. जाड भिंती आणि माळवद यांमुळे उन्हाळ्यात, पारा ४० अंशांच्या वर असतानाही, आतली हवा सुसह्य राहते.

चुना आणि माती ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो आणि तुळयांची टोके कुजू लागतात. बाष्पस्नानाच्या खोलीत हवेतली आर्द्रता जवळजवळ १०० टक्के असते. ही वाफ जुन्या भिंतीत रोज मुरू दिली तर काही वर्षांतच वास्तू पोखरली जाते. माळवदावर पाण्याची मोठी टाकी ठेवणे तर सरळ धोक्याचे असते, कारण १,००० लिटर पाण्याचे वजन एक टन भरते.

त्यामुळे जाणकार हॉटेलचालक स्पाचा भाग मूळ वास्तूपासून वेगळा ठेवतात. परसात किंवा नव्या जोडबांधकामात जलरोधक खोली केली जाते, वाफ बाहेर काढणारे पंखे बसवले जातात आणि टाकी स्वतंत्र आधारावर उभी केली जाते. पाहुण्यालाही याचा अंदाज घेता येतो. खोलीत कुबट वास, भिंतीच्या खालच्या भागावर पांढरा थर, फुगलेला रंग किंवा छताला ओलीचे डाग दिसले, तर देखभालीत त्रुटी आहे असे समजावे.

पाण्याचा हिशेब

सोलापूरला पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळवाहिनीने मिळते. टाकळी येथे नदीतून केलेला उपसा आणि हिप्परग्याचा तलाव यांचाही आधार आहे. तरी शहराच्या अनेक भागांत रोज पाणी न येता काही दिवसांआड येणे, हा सोलापूरकरांचा जुना अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर दहा खोल्यांच्या हॉटेलाचा हिशेब करता येतो. राष्ट्रीय इमारत संहितेत तीन तारांकित दर्जापर्यंतच्या हॉटेलासाठी दरडोई रोज १८० लिटर आणि त्यावरच्या दर्जासाठी ३२० लिटर पाणी धरले आहे. वीस पाहुण्यांसाठी हा आकडा ३,६०० ते ६,४०० लिटर होतो. शहरी घरगुती पुरवठ्याचे प्रचलित प्रमाण दरडोई १३५ लिटर आहे. एक टब भरायला साधारण १५० लिटर पाणी लागते. म्हणजे टबातल्या एका स्नानात एका नागरिकाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी जाते. बादलीभर पाण्याच्या आंघोळीला १५ ते २० लिटर पुरतात.

यावरून टंचाईच्या शहरात स्पा असूच नये, असे नाही. तेलाचे मालिश, शिरोधारा किंवा बाष्पस्नान यांना टबाच्या मानाने फार कमी पाणी लागते. खरा फरक पडतो तो टब, तरणतलाव आणि धुलाई यांमुळे. वापरलेले पाणी शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरणे, पावसाचे पाणी साठवणे आणि टबाऐवजी बादली किंवा कमी प्रवाहाचा शॉवर देणे, हे उपाय लहान हॉटेललाही जमतात. पाणी कुठून येते, या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारे हॉटेल बाकीच्या बाबतीतही बहुधा विश्वासाचे असते.

टॉवेल: सोलापूरचा स्वतःचा वाटा

सोलापूरच्या कापड उद्योगाची सुरुवात हातमागापासून झाली. १८७७ साली येथे सूतगिरणी उभी राहिली, ती पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग भरभराटीला आणले. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

टेरी टॉवेल विणताना ताण्याचे दोन संच लावतात. एक घट्ट ताणलेला असतो, तर दुसरा सैल सोडलेला. सैल सुताचे बारीक फासे कापडाच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि तेच पाणी टिपतात. टॉवेलचा भारीपणा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. आंघोळीचे टॉवेल साधारण ४०० ते ६०० जीएसएमचे असतात. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ५०० जीएसएम टॉवेल सुमारे ४९० ग्रॅम भरतो. वीस पाहुण्यांना रोज प्रत्येकी दोन टॉवेल दिले, तर जवळपास २० किलो कापड धुवावे लागते. फार जाड टॉवेल मऊ लागतो, पण वाळायला वेळ घेतो आणि धुवायला जास्त पाणी मागतो. रोजच्या वापरासाठी मध्यम वजनाचा सुती टॉवेल पुरतो.

नवा टॉवेल सुरुवातीला पाणी कमी टिपतो, दोन-तीन धुलाईनंतर तो नीट काम करू लागतो. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर बसला की टिपण्याची क्षमता उलट घटते. हॉटेलाने स्थानिक टॉवेल आणि चादरी वापरल्या, तर पाहुण्याने मोजलेल्या पैशांतला काही भाग शहरातल्या मागापर्यंत पोहोचतो. पाहुण्याच्या हातात आहे ते इतकेच: टॉवेल रोज बदलून मागू नये.

स्पामध्ये जाण्यापूर्वी

बाष्पस्नानाचे तापमान साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअस असते. सॉनाची हवा कोरडी आणि ७० ते ९० अंशांपर्यंत तापलेली असते. एका वेळी १० ते १५ मिनिटे पुरेशी होतात. जेवणानंतर लगेच किंवा मद्यपान करून आत जाऊ नये. आधी आणि नंतर पाणी प्यावे. चक्कर आल्यासारखे वाटले तर ताबडतोब बाहेर यावे. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी किल्ला पाहून थेट बाष्पस्नानाला जाणे टाळावे, कारण शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते.

मालिश आणि पंचकर्म यांत फरक आहे. पंचकर्म हा आयुर्वेदातला उपचार आहे आणि तो नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखाली व्हायला हवा. ‘एका दिवसात पंचकर्म’ अशी जाहिरात असेल तर वैद्याचे नाव आणि नोंदणी विचारावी. कोमट पाणी टाकीत किंवा नळ्यांत साचून राहिले तर लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवतात. बराच काळ बंद असलेल्या खोलीत पहिल्यांदा शॉवर सुरू करताना पाणी काही मिनिटे वाहू देऊन ते बादलीत धरावे, म्हणजे ते वाया जात नाही.

बिल आणि कागदपत्रे

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. सौंदर्य आणि शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवरचा करही त्याच तारखेपासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पॅकेज घेताना खोली, नाश्ता आणि स्पा यांचे दर वेगवेगळे मागावेत. सेवाशुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल ते सक्तीने बिलात जोडू शकत नाही.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याने ओळखपत्र सोबत ठेवावे. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील, तर हॉटेलला त्यांची माहिती २४ तासांच्या आत कळवावी लागते.

कधी जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने चांगला असतो. मात्र मकरसंक्रांतीच्या आठवड्यात गड्डा यात्रेमुळे शहरमध्यात मोठी गर्दी असते आणि काही रस्ते वाहनांसाठी बंद असतात. यात्रा पाहायची असेल तर खोली बरीच आधी राखून ठेवावी, आणि निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावेत. आषाढी आणि कार्तिकी एकादशी, नवरात्र, तसेच सोलापुरातून असंख्य भाविक तुळजापूरला पायी जातात ती कोजागिरी, या दिवसांतही खोल्या मिळणे कठीण जाते.

खोली ठरवण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. इमारत किती जुनी आहे आणि पाहुण्याची खोली जुन्या भागात आहे की नव्या?
२. पाणी कुठून येते आणि ते दिवसभर उपलब्ध असते का?
३. स्पामधल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण काय आहे? पंचकर्म असेल तर वैद्य कोण?
४. लिफ्ट किंवा तळमजल्यावरची खोली आहे का?
५. दरात कर, नाश्ता आणि स्पा यांपैकी काय धरले आहे?
६. शहरातली मुख्य ठिकाणे हॉटेलपासून पायी किती अंतरावर आहेत?

यातला दुसरा आणि सहावा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून हॉटेलचे शहराशी नाते कळते आणि सहाव्याच्या उत्तरावरून शहरमध्यात राहण्याचे जादा पैसे द्यायचे की नाही हे ठरवता येते. मुख्य ठिकाणे पायी जाण्यासारखी नसतील, तर ‘ऐतिहासिक शहरमध्य’ हे शब्द जाहिरातीपुरतेच आहेत असे समजावे.